पॅड बांधून बसलेला मुलगा

२ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईत भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, आणि सकाळपर्यंत प्रशिक्षक अमोल मुजुमदार यांची गोष्ट प्रत्येक मोबाईलवर पोचली. 'चक दे इंडिया'तल्या कबीर खानशी तुलना झाली. हरमनप्रीत त्यांच्या पाया पडते तो व्हिडिओ फिरला. सोबत ठरलेला मजकूर: १९८८ साली हॅरिस शील्डमध्ये सचिन आणि कांबळीने नाबाद ६६४ धावांची भागीदारी केली, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला मुलगा म्हणजे अमोल. त्याची पाळी तेव्हा आली नाही, भारतीय संघातही आली नाही. शेवटी ३७ वर्षांनी न्याय मिळाला. थांबा, तुमचीही पाळी येईल.

या शेवटच्या वाक्याला आमच्या लातूर-नांदेडकडे फार मागणी आहे. इथे निकाल लागला की चौकाचौकात गुणवंतांचे फ्लेक्स लागतात. ज्यांचा फोटो लागत नाही ती मुलं पुन्हा वर्षभर नीटच्या तयारीला बसतात, आणि त्यांच्या ग्रुपवर हीच गोष्ट येऊन पडते.

माझी तक्रार अशी, की या गोष्टीतून मुजुमदारांचं कामच गळून गेलं आहे. पॅड बांधून बसलेला हा मुलगा पुढे रणजी पदार्पणात हरियाणाविरुद्ध २६० धावा करतो. १७१ प्रथम श्रेणी सामने, ११,१६७ धावा, ३० शतकं. २००६-०७ च्या मोसमात मुंबई पहिले तिन्ही सामने हरते, आणि मुजुमदारांच्या नेतृत्वाखाली तीच मुंबई रणजी करंडक जिंकते. मुंबई सोडल्यावर ते आसाम आणि आंध्रकडून खेळत राहिले. याला वाट पाहणं म्हणत नाहीत. हा माणूस वीस वर्षं रोज कामावर जात होता.

मग निवड का झाली नाही? त्या काळात भारताची मधली फळी द्रविड, सचिन, गांगुली, लक्ष्मण अशी होती. जागा मोजक्या होत्या. निवड न होण्याचा अर्थ पात्रता नव्हती असा होत नाही, आणि पात्रता असली की जागा मिळतेच असंही नाही. फ्लेक्सवर न आलेल्या मुलांना खरं तर हे सांगायला हवं. पण ते फॉरवर्ड करण्याजोगं नाही, कारण त्यात शेवटी बक्षीस नाही.

दुसरं असं, की 'न्याय मिळाला' म्हणताना आपण त्या मुलींचा चषक एका पुरुषाच्या जुन्या हिशेबात जमा करतो. अंतिम सामन्यात ८७ धावा शफालीने केल्या. अर्धशतक आणि पाच बळी दीप्तीचे. त्या कुणाची थकबाकी फेडायला खेळत नव्हत्या.

मुजुमदारांचा वाटा पाहायचा तर साखळी सामन्यांत पाहावा. दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड असे सलग तीन पराभव झाले होते. तीन सामने हरलेला संघ कसा सांभाळायचा, हे ते २००६ मध्येच शिकले होते. हे शिक्षण भारताची टोपी न मिळालेल्या वर्षांतलं आहे. तेव्हा मुंबईबाहेर ते फारसं कुणी पाहिलं नाही, आणि आज नाव सगळीकडे झालं तरी आपण ते पाहत नाही.