‘नाही’ म्हणता न येणे : वाचाघातातील अनुवचन आणि याकोब्सनची उपपत्ती

हेन्री हेड याने 1926 साली वाचाघातावर दोन खंडांचा जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात एका रुग्णाची हकीकत आहे. परीक्षकाने त्याला ‘नाही’ हा शब्द मागोमाग उच्चारण्यास सांगितले. त्यावर, नाही, ते मला कसे करावे ते समजत नाही, अशा आशयाचे उत्तर रुग्णाने दिले. मागितलेला शब्द उत्तरात आपसूक येऊन गेला होता; पण मागितला म्हणून तो देता आला नाही. रोमान याकोब्सनने मॉरिस हॅलेसमवेत हेग येथून 1956 साली प्रकाशित केलेल्या पुस्तकाच्या उत्तरार्धात, म्हणजे भाषेची दोन अंगे आणि वाचाघाताचे दोन प्रकार यांविषयीच्या सुप्रसिद्ध निबंधात, ही हकीकत उचलली आणि तिला एका सिद्धांताचे वजन दिले. त्या सिद्धांताचा साहित्यसमीक्षेवर झालेला परिणाम सर्वपरिचित आहे. ज्या रोगाच्या आधारावर तो उभारला गेला त्या रोगाच्या बाबतीत तो कितपत टिकतो, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. शब्दाचा पुनरुच्चार ही या दृष्टीने उत्तम कसोटी होय. वाचाघाताच्या प्रत्येक परीक्षेत रुग्णाकडून शब्द वदवून घेतले जातात, आणि उपचारातही बहुधा तेच केले जाते.

याकोब्सनची मांडणी थोडक्यात अशी. बोलणारा एकीकडे शब्दांची निवड करतो व दुसरीकडे त्यांची जुळणी करतो. निवड सादृश्यावर चालते, जुळणी सान्निध्यावर. पहिली शक्ती लोपली की रुग्णाला वस्तूचे नाव, पर्यायशब्द वा व्याख्या सांगता येत नाही; शब्द हाती लागतो तो संदर्भाच्या आधारानेच. कुर्ट गोल्डस्टाइनच्या एका रुग्णाला चाकूचे नाव सुटे असे घेता येत नसे. पेन्सिलीशेजारी ठेवलेला चाकू त्याच्या लेखी पेन्सिल तासण्याचे साधन होई, सफरचंदाशेजारचा चाकू सफरचंद सोलण्याचे. दुसरी शक्ती लोपली की वाक्यरचना कोसळते आणि नुसत्या शब्दांचा ढीग उरतो. हेडच्या रुग्णाला याकोब्सन पहिल्या वर्गात घालतो. त्याच्या मते अनुवचन म्हणजे ऐकलेला शब्द आणि बोललेला शब्द यांतील समीकरण होय. ‘अ म्हणजे अ’ हे समीकरणाचे सर्वांत शुद्ध रूप. सादृश्याची शक्ती गेलेल्या माणसाला तेही साधत नाही, कारण भाषेविषयी बोलण्याची भाषाच त्याने गमावलेली असते.

या विवेचनाचे मोल मोठे आहे, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. मेंदूच्या नकाशात अडकलेल्या चर्चेला त्याने भाषेच्या घटनेकडे वळविले. शिवाय ‘शब्द येतो’ की ‘येत नाही’ एवढ्यावर न थांबता तो कोणत्या कामी येतो व कोणत्या कामी येत नाही हे पाहावे, असा दंडक त्याने घालून दिला. तथापि तादात्म्य हे सादृश्याचेच टोक होय, हे त्यातील गृहीतक तपासून न घेता स्वीकारलेले आहे. तर्कशास्त्रात ते निर्दोष दिसेल. रुग्णांच्या बोलण्यात मात्र ते तीन ठिकाणी तुटते.

पहिले ठिकाण असे. काही विरळ रुग्ण ऐकलेल्या शब्दाचे अनुवचन करताना त्याच्या जागी अर्थाने जवळचा दुसराच शब्द उच्चारतात, आणि हा प्रकार 1980 नंतरच्या दशकात तपशीलवार वर्णिला गेला. मराठीत कल्पून पाहावयाचे तर ‘नदी’ असे ऐकून ‘ओढा’ म्हणावे, तसे. अशा रुग्णाला निरर्थक अक्षरसमूह मागोमाग म्हणता येत नाही. अमूर्त अर्थाच्या शब्दांपेक्षा मूर्त अर्थाचे शब्द त्याला सोपे जातात. येथे सादृश्याची शक्ती शाबूत आहे, किंबहुना तिच्यावाचून त्याच्यापाशी दुसरे काही उरलेलेच नाही. नाहीसे झाले आहे ते तादात्म्य. याकोब्सनच्या हिशेबाप्रमाणे ‘अ म्हणजे ब’ साधणाऱ्याला ‘अ म्हणजे अ’ आधीच साधावयास हवे. हा रुग्ण नेमका उलट वागतो.

दुसरे ठिकाण याच्या विरुद्ध टोकाला आहे. गेश्विंड, क्वाडफासेल आणि सेगारा यांनी 1968 साली एका स्त्रीचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेनंतर ती काही वर्षे जगली. या काळात तिने आपणहून अर्थपूर्ण असे काही बोलल्याचे वा तिला बोललेले समजल्याचे दिसले नाही. तरीही ती ऐकलेली वाक्ये म्हणून दाखवी, अर्धवट सोडलेली ठरीव वचने पुरी करी, आणि आजारानंतर कानी पडलेली गाणीही शिकली. पर्याय, व्याख्या, नामकरण यांपैकी काहीच तिच्याजवळ नव्हते. तादात्म्य मात्र होते. ही निव्वळ पोपटपंची होती असे म्हणून हा पुरावा बाजूस सारता येत नाही. हॅरी व्हिटेकरने 1976 साली वर्णिलेली अशीच एक स्त्री ऐकलेल्या वाक्यातील व्याकरणाची चूक अनुवचनात सुधारून घेई, अर्थाची विसंगती मात्र जशीच्या तशी म्हणे. प्रतिध्वनी चुका दुरुस्त करीत नाही. अर्थ विझला असूनही तिचे व्याकरण जागे होते. मराठीसारख्या लिंगवचनांच्या अन्वयाने बांधलेल्या भाषेत ही परीक्षा अधिक बारकाईने घेता येईल : ‘मुलगा आली’ हे वाक्य ऐकवले असता रुग्ण ‘मुलगा आला’ म्हणतो की ऐकले तसेच म्हणतो, आणि ‘दगड रडला’ याचे तो काय करतो, हे पाहणे अवघड नाही.

तिसरे ठिकाण सर्वांत महत्त्वाचे, आणि याकोब्सनच्या निबंधात त्याला जागाच मिळालेली नाही. कार्ल वेर्निकेने 1874 साली, प्रत्यक्ष रुग्णावरून नव्हे तर आपल्या आराखड्यावरून, एका प्रकारच्या वाचाघाताचे भाकीत केले. ऐकण्याचे केंद्र आणि बोलण्याचे केंद्र दोन्ही शाबूत. तुटलेला केवळ त्यांमधील मार्ग. अशा रुग्णात अनुवचनाचा दोष प्रकर्षाने दिसावयास हवा, हे लिश्टहाइमने 1885 मध्ये स्पष्ट केले. या वहनात्मक वाचाघाताचा रुग्ण बोललेले समजतो, बऱ्यापैकी ओघाने बोलतो, पण ऐकलेला शब्द मागोमाग म्हणताना अडखळतो. गेश्विंडने 1965 मध्ये धनुराकृती तंतुपुंजाला या दोषाचे स्थान म्हणून पुन्हा प्रतिष्ठा दिली. पुढील संशोधनाने तो एक तंतुपुंज पुरेसा नाही असे दाखवून शंखखंड व भित्तिखंड यांच्या सांध्यावरील बाह्यकाकडे लक्ष वेधले. परंतु स्थानाचा वाद येथे गौण आहे. वॉरिंग्टन आणि शॅलिस यांनी 1969 साली अभ्यासिलेल्या रुग्णाला एकदोन अंकांपलीकडे ऐकलेली मालिका परत म्हणता येत नव्हती. म्हणजे दोष निव्वळ वाटेचाच असतो असेही नाही, ऐकलेले धरून ठेवण्याचाही असू शकतो.

या रुग्णाच्या धडपडीचे स्वरूप लक्षात घेण्यासारखे आहे. कल्पित मराठी उदाहरण घ्यावयाचे तर ‘परीक्षा’ हा शब्द मागितला असता तो ‘पशिरा… परिशा… परीका… परीक्षा’ असा टप्प्याटप्प्याने जातो. प्रत्येक पायरीवर आपण चुकलो हे त्याला कळते; म्हणूनच तो थांबत नाही. झ्वानेत, केलर आणि लकूर यांनी 1980 मध्ये अशा प्रयत्नमालिकांची तुलना केली, तेव्हा वहनात्मक वाचाघाताच्या रुग्णांचे प्रयत्न इतर प्रकारच्या रुग्णांपेक्षा अधिक प्रमाणात लक्ष्याजवळ सरकताना आढळले. येथे पुनरुच्चार हा रोगही आहे आणि उपायही. ऐकलेला आणि बोललेला शब्द एक नव्हेत, हा निवाडा हा रुग्ण अचूक देतो. भाषेविषयीची भाषा त्याच्यापाशी पुरेपूर आहे. मग त्याला अनुवचन का साधत नाही, याला याकोब्सनच्या दोन खणांपैकी कोणत्याच खणात उत्तर नाही. 1963 साली लंडनच्या परिसंवादात त्याने लुरियाच्या सहा प्रकारांची सांगड आपल्या द्वंद्वांशी घातली. पण खण वाढले म्हणून मूळ गृहीतक बदलले नाही.

याकोब्सनने दुसऱ्या वर्गासाठी दिलेला पुरावाही याच कारणाने लंगडा पडतो. एका फ्रेंच रुग्णाला ‘काफे’ हा शब्द समजे व म्हणता येई, पण त्यातीलच ध्वनी उलटसुलट करून बनविलेले ‘फेका’, ‘केफा’ असे समूह त्याला धड ओळखता येत नसत, म्हणताही येत नसत. याकोब्सन म्हणतो की त्याला शब्द अखंड गोटा म्हणून उरला आहे, घटक स्वनिमांत त्याची फोड करणे जमत नाही. निरीक्षण खरे आहे. पण निरर्थक शब्द न साधणे हे वहनात्मक वाचाघाताचेही ठळक लक्षण आहे, आणि तेथे वाक्यरचना कोसळलेली नसते. एकच लक्षण दोन भिन्न रोगांत आढळत असेल तर एकाच रोगाच्या सिद्धांताला त्याचा टेकू मिळत नाही.

मराठीत तर ‘निरर्थक शब्द’ ही कोटीच सावधपणे हाताळावी लागते. ‘पाणीबिणी’, ‘चहाबिहा’ यांतील दुसरा अवयव सुटा घेतला तर निरर्थक, जोडीत घेतला तर कायदेशीर. ‘बिणी’ हे सुटे म्हणता येत नाही पण ‘पाणीबिणी’ सहज येते, असा रुग्ण आढळला तर ते सान्निध्याच्या बळाचे उदाहरण ठरेल, आणि त्या मर्यादेत याकोब्सनच्या बाजूचा पुरावाही. उलट ‘पाणीबिणी’ म्हणावयाचे असता पहिल्या अवयवावरून दुसरा घडविण्याचा नियमच मोडला असेल, तर दोष निराळा. इंग्रजी वा फ्रेंच शब्दयाद्यांचे भाषांतर करून बनविलेल्या चाचण्यांत हा भेद सापडणार नाही. द्विरुक्तीचा शास्त्रीय विचार आपल्याकडे नवा नाही. अष्टाध्यायीच्या आठव्या अध्यायाचा आरंभच तिच्यापासून होतो. व्याकरणात द्वित्वातील पहिल्या अंशाला ‘अभ्यास’ अशी संज्ञा आहे आणि मराठीत सरावालाही तोच शब्द रूढ आहे, हा योगायोग वाचाघाताच्या अभ्यासकाला मौजेचा वाटावा.

मग हेडच्या रुग्णाचे काय? त्याच्या ‘नाही’चा उलगडा याकोब्सनच्या समीकरणापेक्षा अधिक जुन्या एका विचाराने होतो. बाय्यार्झेने 1865 मध्ये आणि त्यानंतर ह्यूलिंग्ज जॅक्सनने असे दाखविले की वाचाघातात शब्दांचा हेतुपूर्वक उपयोग नष्ट होतो तेव्हाही आपसूक उपयोग टिकून राहू शकतो. याकोब्सन जॅक्सनचा गौरवाने उल्लेख करतो. परंतु त्याचा हा भेद मात्र आपल्या द्वंद्वात विरघळवून टाकतो. 1861 साली ब्रोकाने तपासलेला लबोर्न्य हा एकच अक्षर, आणि तेही बहुधा जोडीने, ‘तां तां’ असे उच्चारी. मराठी कानाला ती द्विरुक्ती वाटेल. पण तिच्यात ‘हळूहळू’मधील आधिक्य नाही की ‘घरोघर’मधील व्याप्ती नाही. सूर व हातवारे यांनीच तो आशय भरी. सादृश्याच्या अभावाने ‘तां’ येत नव्हते आणि सान्निध्याच्या बळानेही येत नव्हते. ते केवळ येत होते. अशा आवर्तनाला आणि मागितलेल्या अनुवचनाला ‘पुनरुक्ती’ हे एकच नाव देणे हाच घोटाळ्याचा उगम होय.

या घोटाळ्याची किंमत रुग्णाला मोजावी लागते. शब्द पुन्हापुन्हा वदवून घेतला की तो परत येईल, ही समजूत उपचारांत खोलवर रुजलेली आहे. पॅटरसन, पुरेल आणि मॉर्टन यांनी 1983 मध्ये तिची परीक्षा घेतली. चित्राचे नाव न आठवणाऱ्या रुग्णाला ते नाव मागोमाग म्हणावयास लावले असता ते तत्काळ येई, पण अर्ध्या तासाने त्या लाभाचा मागमूस फारसा उरत नसे. हॉवर्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1985 मध्ये रुग्णाला शब्दाच्या अर्थाचा विचार करावयास लावले (ऐकलेल्या शब्दाचे चित्र दाखविणे, त्या वस्तूविषयीच्या प्रश्नाला उत्तर देणे), तेव्हा परिणाम दुसऱ्या दिवशीही दिसला. अर्थाच्या कामातही शब्द कानी पडतोच, तेव्हा या दोहोंची तुलना वाटते तितकी निर्भेळ नाही. तरीही ओठांवरचे निव्वळ पुनरुच्चारण आणि शब्द परत हाती येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, इतके या प्रयोगांतून दिसतेच.

नॅन्सी हेल्म आणि बारेसी यांनी 1980 साली मांडलेल्या उपचारपद्धतीत हेडच्या रुग्णाला जणू उशिराने न्याय मिळाला. ज्यांच्या तोंडून काही थोडे शब्द केवळ आपसूक येतात, अशा रुग्णांसाठी ती आहे. उपचारक आपली शब्दयादी पुढे करीतच नाही. रुग्णाच्या तोंडून जो शब्द निसटला असेल तोच लिहून त्याच्यासमोर ठेवावयाचा आणि मोठ्याने वाचावयास सांगावयाचा. वाचताना त्याने भलताच खरा शब्द उच्चारला, तर पहिला सोडून द्यावयाचा आणि तो नवा शब्द लिहून घ्यावयाचा. वाचनात शब्द स्थिरावला की चित्राच्या नामकरणात, आणि मग संभाषणात तो आणावयाचा. ‘नाही, मला ते येत नाही’ असे म्हणणाऱ्याची येथे अनुत्तीर्ण म्हणून नोंद होत नाही. उपचारक कागद ओढतो आणि त्यावर ‘नाही’ असे लिहितो.