आठांची मोट

घोड्याची ताजी लीद ओल्या टिपकागदावर, झाकणाच्या काचपात्रात घालून खिडकीशी ठेवली, की आठवडाभरात तिच्यावर पायलोबोलस या बुरशीचे पारदर्शक देठ उभे राहतात. टोकाशी फुगीर कुपी, तिच्यावर काळी टोपी. कुपी उजेड एकवटून देठाला त्याच्याकडे वळवते आणि आतल्या रसाचा दाब शिगेला पोहोचला की फुटून ती टोपी २ मीटरपर्यंत भिरकावते. हा झाला नुसत्या डोळ्यांना दिसणारा सोहळा. खरे वैभव उलगडते ते पायलोबोलसचा बहर ओसरल्यावर, सूक्ष्मदर्शकाखाली.

त्याच लिदीवर मागाहून उगवणाऱ्या ॲस्कोबोलस बुरशीची पिवळसर चकती आपण पाण्याच्या थेंबात हलकेच दाबून पाहू. लांबट पिशव्या सुट्या होतात. प्रत्येकीत आठ बीजाणू, कोवळेपणी वर्णहीन आणि पिकता पिकता गर्द जांभळे. आणखी जवळ जावे, तर त्या जांभळ्या सालीवर बारीक उभ्या भेगा, कुठे समांतर धावणाऱ्या, कुठे एकमेकींत मिसळणाऱ्या. जात ओळखायची ती बऱ्याचदा याच नक्षीवरून. त्यांतही इमर्सस जातीचा बीजाणू ५० मायक्रोमीटरच्या आसपास, बुरशीच्या राज्यात चांगलाच धिप्पाड!

इतका मोठा बांधा कशासाठी? गुरे शेणाच्या पोवाभोवतीचे गवत टाळतात. पुन्हा जनावराच्या पोटात शिरून ताज्या शेणात उतरायचे, तर बीजाणूने दूरच्या पात्यावर जाऊन पडायला हवे. आणि हलका, सुटा कण हवेत लगेच थबकतो. म्हणून ॲस्कोबोलसचा सोयरा असलेल्या सॅकोबोलसने लहानग्या आठांची एकच मोट बांधली आहे. शेणावरच्याच पोडोस्पोराच्या बीजाणूंना चिकट शेपट्या आहेत, सॉर्डारियाच्या बीजाणूंभोवती बुळबुळीत वेष्टन. ओळख पटवण्यासाठी आपण टिपतो ती लांबी, ते वेष्टन, ती शेपटी ही सारी प्रवासाचीच सिद्धता आहे, हे उमगले की जाती ओळखण्याचा रुक्ष तक्ता प्रवासवर्णनासारखा वाचत बसावासा वाटतो.

शेणावरच्याच स्पोरोर्मिएला बुरशीच्या बीजाणूंचा प्रवास तर थक्क करणारा. काळपट पेशींची छोटी साखळी, प्रत्येक पेशीवर अंकुरासाठी एक चीर. अशा जाड सालीचे बीजाणू तळ्यांच्या गाळात हजारो वर्षे टिकतात. अमेरिकेत इंडियानातल्या ॲपलमन तळ्याच्या गाळात सुमारे १४,८०० वर्षांपूर्वीपासून ते विरळ होत गेलेले दिसतात, कारण त्यांना पोसणारे मॅमथसारखे महाकाय शाकाहारी प्राणीच घटत चालले होते. आणि त्यावरच्या थरांतले परागकण सांगतात, की त्यानंतर भोवतालचे रानही पालटले.