घरी जाण्याचा दिवस कशाचे माप?

पोटातून जाणारी महाधमनी काही व्यक्तींत उतारवयात एखाद्या ठिकाणी फुग्यासारखी फुगते. नळीच्या भिंतीवरील ताण हा दाब व त्रिज्या यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात वाढत असल्याने फुगलेला भाग अधिकच ताणला जातो आणि एखाद्या दिवशी फुटतो. आइन्स्टाइन यांचा १९५५ साली मृत्यू झाला तो असाच.

यावर उपाय दोन. एक तर पोट उघडून तेथे कृत्रिम नळी शिवायची. किंवा जांघेतील धमनीतून मिटलेली, जाळीदार आधाराची नळी वर नेऊन फुगवट्याच्या आत उघडायची. ही दुसरी रीत अर्जेंटिनातील हुआन पारोदी यांनी १९९० साली वापरली. दोहोंची तुलना करणाऱ्या ब्रिटनमधील 'एव्हार-१' या चाचणीचा पहिला अहवाल २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. कोणत्या रुग्णाला कोणती रीत, हे यदृच्छेने ठरवले होते. तीस दिवसांतील मृत्यू पोट उघडल्यावर ४.७ टक्के, तर नळी सरकवल्यावर १.७ टक्के. रुग्णालयातील मुक्कामाचा मध्यक अनुक्रमे १२ व ७ दिवस.

पहिल्या आकड्यांबद्दल तक्रार नाही. मुक्कामाचे आकडे मात्र जपून वाचावेत. अमेरिकेतील माजी सैनिकांवरील 'ओव्हर' चाचणीत, जिचा अहवाल २००९ साली आला, हेच मध्यक ७ व ३ दिवस होते. म्हणजे पोट उघडलेला अमेरिकी रुग्ण जितक्या दिवसांत घरी गेला, तितकेच दिवस ब्रिटिश रुग्णाला नळी सरकवूनही लागले! (हे चार आकडे फळ्यावर लिहून विद्यार्थ्यांना अर्थ विचारावा.) मुक्काम जखमेप्रमाणे रुग्णालयाच्या रिवाजावरही ठरतो, असा माझा निष्कर्ष आहे. घरी जाणे म्हणजे बरे होणेही नव्हे. नेदरलँड्समधील 'ड्रीम' चाचणीत रुग्णांनाच प्रकृतीविषयी विचारले, तेव्हा सुरुवातीस नळीवाले पुढे होते. सहा महिन्यांनंतर पोट उघडलेले रुग्ण अधिक बरे असल्याचे सांगत होते.

'एव्हार-१'चे मोठेपण असे की ती तिसाव्या दिवशी थांबली नाही. एवढ्यावर प्रचलित उपचार बदलू नयेत, असे संशोधकांनी पहिल्याच अहवालात बजावले होते. ते वाक्य किती जणांनी वाचले कोण जाणे. आकडे मात्र सर्वत्र पोचले. २०१६ साली पंधरा वर्षांचा हिशेब प्रसिद्ध झाला. आठ वर्षांनंतर नळीवाल्या गटातील मृत्यू अधिक निघाले. आत सरकवलेल्या नळीच्या कडेने रक्त झिरपले की जुन्या फुगवट्यावर पुन्हा दाब येतो व तो फुटू शकतो. म्हणूनच अशा रुग्णाला घरी गेल्यावरही वर्षानुवर्षे तपासण्यांसाठी यावे लागते. ते दिवस मुक्कामाच्या मध्यकात कोठेच मोजलेले नाहीत. 'ओव्हर'च्या दीर्घ पाठपुराव्यात मात्र दोन्ही गटांच्या एकूण आयुर्मानात लक्षणीय फरक आढळला नाही, हेही नोंदवले पाहिजे.

'एव्हार-१'मधील नळ्या जुन्या बनावटीच्या होत्या, असा आक्षेप घेतला जातो. तो खरा आहे. पण त्यामुळे फार तर जुना पुरावा दुबळा ठरतो. नव्या नळ्या पंधरा वर्षे टिकतील याचा पुरावा त्यातून मिळत नाही.