स्मीडचा ‘नियम’ आणि माझा वाया गेलेला आलेख

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी एक आलेख काढला होता. महाराष्ट्रातले जिल्हे घेतले, प्रत्येक जिल्ह्यातली नोंदणीकृत वाहनं, लोकसंख्या आणि रस्ते अपघातातले मृत्यू घेतले. आडव्या अक्षावर दरडोई वाहनं, उभ्या अक्षावर दर वाहनामागे मृत्यू, दोन्हीकडे लॉग. ठिपके अगदी एका रेषेत बसले. उतार साधारण −०.९, आर-स्क्वेअर ०.९. मी खूश! प्रगती अहवालात तो आलेख पहिल्या पानावर टाकला आणि खाली लिहिलं, ‘स्मीडचा नियम महाराष्ट्रालाही लागू पडतो.’

गाईडनी तो दोन मिनिटं पाहिला आणि विचारलं, ‘वाहनांची संख्या दोन्ही अक्षांवर कशी काय आली?’ मला उत्तर देता आलं नाही. तर आज त्या मूळ पेपरबद्दल. रस्ते सुरक्षेवर काम करायचं ठरवत असाल तर हा पेपर तुम्हाला कोणीतरी वाचायला सांगणारच.

रूबेन स्मीड हे ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ. दुसऱ्या महायुद्धात ते बॉम्बर विमानदलासाठी आकडेमोड करायचे, नंतर रस्ते संशोधन प्रयोगशाळेत आले. १९४९ मध्ये रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या जर्नलमध्ये त्यांचा पेपर आला. त्यात २० देशांची १९३८ सालची आकडेवारी आहे, बहुतेक देश युरोपातले. त्यातून निघालेलं सूत्र असं: वर्षभरातले मृत्यू = ०.०००३ × (वाहनं × लोकसंख्येचा वर्ग) याचं घनमूळ. बस्स, एवढंच. रस्ते कसे आहेत, कायदा काय आहे, पोलीस काय करतात, यातलं काहीच लागत नाही.

आधी चांगलं सांगतो. त्या काळी २० देशांचे आकडे एका तक्त्यात आणणं हेच मोठं काम होतं. शिवाय ‘अपघात म्हणजे त्या एका ड्रायव्हरची चूक’ या समजुतीतून बाहेर पडून देशाच्या पातळीवर काही शिस्त दिसते का, हे त्यांनी विचारलं. हा प्रश्न आजही आपल्याकडे पुरेसा विचारला जात नाही.

आता अडचण. हे सूत्र बहुतेक ठिकाणी ज्या रूपात सांगितलं जातं ते असं: दरडोई वाहनं वाढली की दर वाहनामागचे मृत्यू कमी होतात. म्हणजे उभ्या अक्षावर मृत्यू ÷ वाहनं आणि आडव्या अक्षावर वाहनं ÷ लोकसंख्या. एकीकडे वाहनं छेदात, दुसरीकडे अंशात. अशी मांडणी केली की काहीही संबंध नसला तरी उतरती रेषा येते. खोटं वाटत असेल तर एक्सेल उघडा. तीन रकान्यांत एकमेकांशी संबंध नसलेल्या यादृच्छिक संख्या भरा, तिन्हींच्या लॉगमधला चढउतार सारखा ठेवा, वरची दोन गुणोत्तरं काढा. सहसंबंध −०.५ च्या आसपास येईल, काहीही न करता! वाहनांच्या रकान्यात चढउतार जास्त ठेवला तर आणखी ‘छान’ येईल. कार्ल पिअर्सन यांनी १८९७ मध्येच गुणोत्तरांच्या या खोट्या सहसंबंधाबद्दल सावध केलं होतं. एम.एस्सी.ला मी हे परीक्षेपुरतं पाठ केलं होतं, स्वतःच्या आलेखात मात्र दिसलं नाही.

मग स्मीडचं सगळंच खोटं का? नाही, आणि इथे घाई करू नका. मृत्यूंचा वाहनांशी काहीच संबंध नसता तर लॉग आलेखात उतार −१ आला असता. स्मीडच्या सूत्रात तो −२/३ आहे. मधला जो १/३ उरतो, खरी माहिती तेवढीच. तेच सूत्र लोकसंख्येने भागून लिहा: दरडोई मृत्यू = ०.०००३ × दरडोई वाहनांचं घनमूळ. म्हणजे वाहनं वाढली की दर माणसामागे मृत्यू वाढतात! समीकरण तेच आहे, एका चिन्हाचाही फरक नाही. एका रूपात ‘गाड्या वाढू द्या, आपोआप सुरक्षित होईल’ असं वाचता येतं, दुसऱ्या रूपात ‘गाड्या वाढतायत, माणसं जास्त मरतायत’ असं. कोणतं रूप छापायचं ही निवड लेखकाची असते आणि अहवालांमध्ये पहिलं रूप जास्त दिसतं. माझ्याही अहवालात तेच होतं. दुसऱ्या रूपात आलेख काढला तेव्हा आर-स्क्वेअर ०.१ वर आला. (उतार −०.९ आणि आर-स्क्वेअर ०.९ असेल तर तो ०.१ च यायला हवा, कागदावर करून बघा, दोन ओळींचं काम आहे.)

सूत्र आजच्या आकड्यांवर लावून पाहू. ब्रिटनमध्ये आता सुमारे ४ कोटी वाहनं आणि साडेसहा कोटींवर माणसं. सूत्र सांगतं, वर्षाला साडेसोळा हजारांच्या पुढे मृत्यू. २०२२ मध्ये प्रत्यक्षात झाले १,७११. म्हणजे ज्या देशात हा नियम लिहिला गेला तिथेच तो जवळपास दहापट चुकतो. भारतासाठी ३३ कोटी नोंदणीकृत वाहनं आणि १४० कोटी लोक धरले तर सूत्र देतं २.६ लाख, सरकारी अहवालात २०२२ चे मृत्यू १,६८,४९१. तुम्ही म्हणाल, आरटीओच्या नोंदीत भंगारात गेलेल्या गाड्याही असतात. बरोबर. पण घनमुळामुळे वाहनं निम्मी धरली तरी उत्तर एक पंचमांशानेच कमी होतं. हाही या सूत्राचा एक गुण म्हणा किंवा दोष: वाहनांचे आकडे चुकीचे असले तरी फारसं कळत नाही.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते वेगळंच आहे. ‘नियम’ म्हणताना यातून कायदा पूर्ण गायब झालाय. ब्रिटनचा १९३८ चा आकडा घ्या. १९३० च्या रोड ट्रॅफिक ॲक्टने मोटारींवरची ताशी २० मैलांची मर्यादा काढूनच टाकली होती. १९३४ मध्ये ७,३४३ माणसं मेली. त्याच वर्षी नवा कायदा आला, १९३५ पासून वस्तीच्या भागात ताशी ३० मैल आणि नव्या चालकांना परीक्षा. १९३५ चे मृत्यू ६,५०२. सगळी घट कायद्यामुळेच झाली असं मी म्हणत नाही, एका वर्षाच्या फरकावरून तसं म्हणता येतही नाही. पण १९३८ चा ६,६४८ हा आकडा या सगळ्यानंतरचा आहे आणि स्मीडच्या आलेखात तो नुसता एक ठिपका आहे, मागचा इतिहास पुसलेला.

पुढे युद्ध आलं. पेट्रोलचं रेशनिंग झालं, खासगी गाड्या कमी झाल्या. सूत्रानुसार मृत्यू घटायला हवेत. १९४१ मध्ये ते ९,१६९ झाले, जवळपास ३८ टक्के जास्त. कारण ब्लॅकआऊट: रस्त्यावरचे दिवे बंद, गाड्यांचे दिवे झाकलेले. हे स्मीड यांना माहीत नसणं शक्यच नाही, ते त्याच देशात जगत होते. एका वर्षाचा वेगवेगळ्या देशांचा छेद घेऊन एकाच देशाच्या काळाबद्दल बोलू नये, याला यापेक्षा चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

फ्रीमन डायसन युद्धात त्यांच्यासोबत काम करत होते. त्यांच्या आठवणीनुसार स्मीड यांचा समज असा होता की समाज मृत्यूंची एक संख्या सहन करतो आणि तिथपर्यंत लोक बेफिकीर गाड्या चालवतात. पण याच स्मीड यांच्या अध्यक्षतेखाली १९६४ मध्ये रस्ते वापराच्या शुल्कावरचा सरकारी अहवाल आला. म्हणजे धोरणाने वाहतूक बदलते हे त्यांनाही मान्य होतं. त्यांच्या नावाने ‘काही करून उपयोग नाही’ म्हणणाऱ्यांनी तो अहवालही वाचावा.

आपल्याकडे तर ‘वाहन’ हा एकच आकडा धरणंच अवघड आहे. नोंदणीतली साधारण तीन चतुर्थांश वाहनं दुचाकी, २०२२ च्या मृतांमध्ये ४४.५ टक्के दुचाकीवरचे आणि १९.५ टक्के पायी चालणारे. स्कूटर आणि ट्रेलर दोन्ही सूत्रात ‘एक’. हेल्मेटचं कलम १२९ मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये आहे, दंड २०१९ च्या दुरुस्तीने वाढला, अंमलबजावणी जिल्ह्यागणिक वेगळी. या गोष्टी मॉडेलमध्ये नसतील तर सोलापूर आणि सिंधुदुर्ग एका रेषेवर आले काय, न आले काय.

मी तो भाग आता नव्याने करतोय. मृत्यू कशानेही न भागता थेट ठेवलेत, वाहनं आणि लोकसंख्या वेगवेगळी चलं म्हणून घेतलीत, दुचाकी आणि जड वाहनं सुटी केलीत, आणि जिल्ह्यांचा एक वर्षाचा छेद न घेता दहा वर्षांची मालिका घेतलीय. ठिपके आता रेषेत बसत नाहीत. पुढच्या महिन्यात समितीपुढे हाच पसरलेला आलेख घेऊन जायचंय.