ज्यूरीची खोली आणि ‘कोर्ट’

1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत 300 वे कलम होते. न्यायाधीशाचे निवेदन संपले की ज्यूरीने विचारासाठी आत जावे. कोर्टाच्या परवानगीवाचून बाहेरच्या कोणी तिच्यातल्या कोणाशी बोलू नये. हायकोर्टातला खटला एका दिवसात आटोपला नाही तर ज्यूरीला अंमलदाराच्या ताब्यात ठेवायचे की घरी सोडायचे, हे 296 व्या कलमाखाली न्यायाधीश ठरवी. बाहेरचा वारा कानाला लागू नये, हा हेतू. हेतू चांगलाच होता. पण माणूस आपली जात, वस्ती, भाषा बरोबर घेऊनच त्या खोलीत शिरतो. तिला कोणता अंमलदार अडवणार? 1908 साली टिळकांवरील खटल्यात सात युरोपियन आणि दोन पारशी बसले आणि ‘केसरी’तल्या मराठी लेखांवर सात विरुद्ध दोन असा कौल दिला. 1959 मध्ये ‘ब्लिट्झ’ बाहेर नानावटींची बाजू लढवत होता आणि ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवले. 1973 च्या संहितेत ज्यूरीला जागाच उरली नाही.

हे आठवले ते चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (2014) या चित्रपटामुळे. लोकशाहीर नारायण कांबळे यांच्या गाण्यामुळे गटारसफाई करणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप. ज्यूरी नाही, एकटे न्यायाधीश सदावर्ते. आणि कॅमेरा नेमके तेच करतो जे 300 वे कलम होऊ देत नव्हते. तो कोर्ट सुटल्यावर प्रत्येकाच्या मागे जातो. सरकारी वकीलबाई घरी स्वयंपाक करतात, कुटुंबासह परप्रांतीयांना हुसकावणारे नाटक बघतात. न्यायाधीशमहाराज सुटीत सहलीला जातात आणि मुलाच्या व्यंगावर खड्याच्या अंगठीचा उपाय सुचवतात. बिनबाह्यांचे कपडे घातले म्हणून एका बाईचे प्रकरण ऐकायचे नाकारणारा माणूस हाच.

अनेकांनी या चित्रपटाची तटस्थता वाखाणली. मला ती अर्धीच पटते. वकिलांच्या आणि न्यायाधीशांच्या घरगुती आयुष्यात कॅमेरा निवांत बसतो. कांबळे सुरुवातीला मुलांना शिकवताना दिसतात. खटला उभा राहिल्यावर मात्र मुख्यतः गाणारे नाहीतर आरोपी. मृताच्या विधवेची साक्ष हा चित्रपटाचा कणा आहे. नवरा वास सोसण्यासाठी दारू पिई, गटारात उतरण्याआधी झुरळ बाहेर येते का ते बघे. एवढे सांगून झाले की तिला निरोप. तिचा संसार आपल्याला वकिलांच्या संसारासारखा दिसत नाही. ही उणीव आहे, आणि ती दाखवायला हवी.

तरीही मूळ मुद्दा ताम्हाण्यांनी अचूक पकडला आहे. खैरलांजीचा 2008 चा भंडाऱ्याचा निकाल ज्यूरीने दिला नव्हता. ॲट्रॉसिटी कायद्याखालचा गुन्हा तिथे सिद्ध मानला गेला नाही. 2010 साली आमच्याच नागपूर खंडपीठानेही तेच कायम ठेवले. तिथे कोणाच्या कानाशी कोणी कुजबुजले, असे म्हणण्याचीही गरज पडत नाही.

कांबळेंची भूमिका करणारे वीरा साथीदार नागपूरचे, ‘विद्रोही’चे संपादक, चळवळीतले कार्यकर्ते. आरोपीच्या जागी ते ज्या थंडपणे उभे राहतात तो अभिनयशाळेत मिळणारा नाही. 13 एप्रिल 2021 रोजी, आंबेडकर जयंतीच्या आदल्या दिवशी, नागपुरातच कोरोनाने त्यांना नेले.