पैठणचा वारसा : बोलले कोण, लिहिले कोण?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला आणि पैठणचे नाव पुन्हा एकदा व्यासपीठांवरून गाजू लागले. सातवाहनांची राजधानी, हालाची गाथासप्तशती, गुणाढ्याची बृहत्कथा, एकनाथांची भारुडे. दोन हजार वर्षांची ही मिळकत आपल्या सर्वांची आहे, असे सांगितले जाते. मिळकत म्हटली की सातबारा आला, आणि सातबारा आला की मालक कोण नि कसणारा कोण, हा प्रश्न आला. साहित्याच्या बाबतीत आपले प्रस्थापित समीक्षक हा प्रश्न सहसा विचारीत नाहीत. तो विचारावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

विद्यार्थ्यांबरोबर पैठण पाहण्याचा योग आला. भिवंडीची ही मुले. यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेली. नाथांचा वाडा, गोदाकाठचे समाधिमंदिर, ज्ञानेश्वरांनी रेड्यामुखी वेद वदविले असे सांगतात तो नागघाट, हे सारे त्यांनी मुकाट्याने पाहिले. पैठणीच्या हातमागापाशी मात्र त्यांना वाचा फुटली. एका साडीला किती दिवस लागतात, रेशीम कोणाचे, मजुरी किती पडते, हे प्रश्न त्यांनी विणकराला विचारले. मला वाटते, राजधानीच्या साहित्याकडेही याच प्रश्नांनी गेले पाहिजे. माल सुंदर आहे, यात वाद नाही. सूत कोणाचे आणि नाव कोणाचे, हा वाद आहे.

प्रथम गाथासप्तशती. सातशे गाथांचा हा संग्रह हाल सातवाहनाच्या नावावर आहे. स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली तो मराठी वाचकाच्या हाती दिला. राजाने संस्कृत सोडून महाराष्ट्री प्राकृताला मान द्यावा, देवादिकांऐवजी नांगर, शेत, गोदावरीचा काठ आणि विंध्यातला पुलिंद कवितेत यावा, ही गोष्ट लहान नव्हे. पण हा माणूस गाथेत येतो तो कसा? एका गाथेत माघाच्या थंडीत अंगावरचे पांघरूण देऊन बैल घेणारा पामर आहे. बायकोच्या उबेवर त्याचा भरवसा आहे आणि कवीची नजर तिच्या स्तनांवर आहे. कल्पना चतुर आहे. नागर रसिक मान डोलावणारच. मात्र पांघरूण गेल्यावर ती स्त्री काय पांघरणार होती, आणि हा बैल कोणाच्या रानात राबणार होता, हे कवीला विचारावेसे वाटत नाही. दारिद्र्य येथे शृंगाराचे साधन झाले आहे. कवी ते पाहतो, भोगणारा बोलत नाही.

आणि 'पामर' या शब्दाचेच पाहा. प्राकृतात तो शेतकऱ्याचे, गावकऱ्याचे नाव आहे. आजच्या मराठीत पामर म्हणजे क्षुद्र, दीनवाणा जीव. कष्ट करणाऱ्याचे नाव हीच शिवी व्हावी, असा प्रवास या एका शब्दाने केला आहे. अभिजाततेच्या भाषणांत हा प्रवास कोणी सांगत नाही.

दुसरी बृहत्कथा. कथा अशी की गुणाढ्याने हा प्रचंड ग्रंथ पैशाची भाषेत, रक्ताने लिहिला आणि सातवाहन राजाकडे पाठविला. पिशाचांची भाषा म्हणून राजाने तो झिडकारला. मग गुणाढ्य रानात एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवीत ते अग्नीत टाकीत गेला. राजाला जाग आली तेव्हा सात लाख श्लोकांपैकी एक लाख उरले होते. ही दंतकथा आहे, इतिहास नव्हे. पण समाज आपली गुपिते दंतकथेतच सांगून जातो. मूळ बृहत्कथा आज नाही. तिची गोष्ट आपल्याला अकराव्या शतकातल्या काश्मिरी सोमदेवाच्या संस्कृत 'कथासरित्सागरा'तून कळते. कथा वाचली, जीभ गेली. १९७२ साली 'गोलपिठा' आला तेव्हा त्याच्या भाषेवर नाके मुरडणाऱ्यांनी गुणाढ्याची गोष्ट वाचली नसेल, असे कसे म्हणावे? वाचली होती, फक्त आपण त्या राजाच्या जागी उभे आहोत, हे त्यांच्या ध्यानात आले नाही. दलित लेखकाला 'जरा शुद्ध लिहा' म्हणून सांगणे म्हणजे त्याची कथा ठेवून घेऊन त्याची जीभ परत करणे होय.

तिसरे एकनाथ. १५३३ ते १५९९ या काळातला हा पैठणचा ब्राह्मण संत जोहारांमधून महाराच्या तोंडाने बोलतो. ज्याने गावकुसाबाहेर राहायचे, तो येथे गावाला शहाणपण शिकवतो. त्या काळात हे धाडस होते, ते नाकारण्याचे कारण नाही. पण जोहारात महाराची गावकी रूपक होऊन जाते. देह हे गाव, महार त्याचा सेवक. रूपक सजते आणि राबणुकीचा प्रश्न त्यात विरघळतो. १९३५ साली 'प्रभात'ने एकनाथांवर 'धर्मात्मा' हा चित्रपट काढला. पुढे गांधीजींना उत्तर देताना बाबासाहेबांनी त्याची आठवण काढून बजावले, की अस्पृश्यासोबत जेवणारा हा संत अस्पृश्यतेच्या विरोधात नव्हता. विटाळ गंगास्नानाने जातो, अशी त्याची धारणा होती. आमच्या समीक्षेने हा निकष विसरता कामा नये. करुणा आणि समता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उसन्या तोंडाने बोललेली वेदना आणि स्वतःची वेदना यांतही तेवढेच अंतर आहे. एकनाथांच्या दोनशे वर्षे आधी, १३३८ साली मंगळवेढ्याच्या पडलेल्या गावकुसाखाली मेलेला चोखामेळा आपल्या नावाने बोलला होता.

मग पैठणच्या वारशात आमचे काहीच नाही काय? आहे, पण ते पोथीत नाही, दगडात आहे. कन्नड तालुक्यातील पितळखोऱ्याच्या बौद्ध लेण्यांत प्रतिष्ठानच्या मितदेव नावाच्या गंधिकाच्या, म्हणजे अत्तरे-सुगंध विकणाऱ्याच्या, कुळाने स्तंभदान केल्याचा लेख आहे. तेथल्याच एका यक्षमूर्तीवर ती कान्हदास नावाच्या सोनाराने घडविल्याचे कोरले आहे. हे लोक अस्पृश्य नव्हते, दान देण्याइतके खाऊनपिऊन सुखी होते. त्यांना ओढूनताणून आपले पूर्वज ठरविण्याची गरज नाही. महत्त्व आहे ते वाक्याच्या घडणीला. माझे नाव हे, माझा धंदा हा, हे मी केले. मध्ये राजा नाही, कवी नाही, रूपक नाही. १९७८ साली 'बलुतं' आले, १९७९ साली 'आठवणींचे पक्षी' आले, तेव्हा मराठी गद्यात हेच वाक्य पुन्हा उभे राहिले. फरक एवढाच, की या वेळी ते कोरणाऱ्याजवळ दान देण्याइतका पैसा नव्हता आणि नाव सांगणे हाच गुन्हा होता.

ज्या दिवशी मराठी अभिजात ठरली, त्याच दिवशी पाली आणि प्राकृतही ठरल्या. सत्कारसमारंभांत पालीचा उल्लेख क्वचितच झाला. पैठणपासून पन्नासेक किलोमीटरवर बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली महाविद्यालय काढले. पुढे ते मिलिंद महाविद्यालय झाले. ज्यांच्या घरात आधी कोणी शाळेची पायरी चढले नव्हते, अशी मुले तेथे लेखक झाली. मराठी साहित्याच्या इतिहासात राजधान्या मोजायच्या असतील, तर नागसेनवनालाही मोजावे लागेल.

म्हणून मागणी साधी आहे. पैठणला जरूर जावे, गाथासप्तशती जरूर शिकवावी. पण पामराची ती गाथा शिकवताना त्याच आठवड्यात 'बलुतं'ही शिकवावे, आणि वर्गातल्या मुलांना मजुरीचा प्रश्न विचारू द्यावा. माझ्या वर्गात तो विचारणारी मुले बसलेली आहेत.