अलीचा 'साजांगनिम'

शब्द बदलतो, आशय टिकतो, अशी आपल्या प्रस्थापित समीक्षेची भाषांतराविषयीची समजूत आहे. 2021 साली आलेली ह्वांग दोंग-ह्युक यांची 'स्क्विड गेम' ही कोरियन मालिका हिंदी आवाजात पाहिली की ही समजूत किती पोकळ आहे हे ध्यानात येते.

कर्जात बुडालेली 456 माणसे पैशासाठी जिवावरच्या खेळात उतरतात. त्यांत अली हा पाकिस्तानातून आलेला कारखान्यातला मजूर आहे. (भूमिका केली आहे अनुपम त्रिपाठी या भारतीय नटाने.) मालकाने त्याची मजुरी महिनोन्महिने अडकवून ठेवली आहे. हा अली भेटेल त्या कोरियन माणसाला 'साजांगनिम' म्हणतो. साजांगनिम म्हणजे धंद्याचा मालक, शेठ. तेथे 2004 पासून परदेशी मजुरांना ज्या परवान्यावर कामाला घेतात, त्यात मालक बदलणे मजुराच्या हाती फारसे नसते. तेव्हा हा शब्द म्हणजे नुसता आदर नव्हे, तो त्याच्या अवस्थेचा दाखला आहे.

हिंदीत त्याचे 'सर' करा की 'साहब' करा, दाखला फाटतोच. 'सर' तर मलाही वर्गातली पोरे दिवसातून पन्नास वेळा म्हणतात! शिवाय मुळात अलीची कोरियन परक्याची आहे. दर वाक्यागणिक त्याचे उपरेपण कानावर पडते. हिंदीत सारेच कोरियन हिंदी बोलू लागतात, आणि ही भाषा उर्दूच्या मुलखातून आलेल्या माणसाला जवळजवळ घरचीच. जो एकटा परका होता तोच सर्वांत घरचा वाटू लागतो.

पण खरा घात पुढे आहे. सांग-वू हा सोल राष्ट्रीय विद्यापीठाचा पदवीधर. तो अलीला सांगतो, मला साजांगनिम म्हणू नकोस, 'ह्यंग' म्हण. ह्यंग हा पुरुषाने थोरल्या भावासाठी वापरायचा शब्द. सहाव्या भागात, गोट्यांच्या खेळात, याच विश्वासाच्या बळावर सांग-वू त्याच्या गोट्या काढून घेतो, पिशवीत खडे भरतो आणि अली मारला जातो. मालकापासून भावापर्यंतचे अंतर हेच येथे हत्यार आहे. हिंदीतला 'भाई' इतका झिजलेला, रिक्षावाल्यालाही भाई आणि गुंडालाही भाई, की ते अंतर ऐकूच येत नाही. मग उरतो एक लबाड आणि एक भोळा. शोषणाची कथा स्वभावाची कथा होऊन बसते.

गावकुसाबाहेरून आलेल्या वाचकाला हे कळायला कोरियन यावी लागत नाही. माझ्या आजोबांच्या तोंडी पाटलासाठी 'आबा' असे आणि पाटीलही त्यांना नावाने, मायेने हाक मारी. पाणी मात्र ओंजळीत, वरून. नात्याचा शब्द द्यायचा आणि नाते द्यायचे नाही, हा व्यवहार आमच्या पिढ्यांनी पाहिला आहे. म्हणून मला वाटते, ही मालिका कोणी मराठीत आणली तर अलीच्या तोंडी आधी 'शेठ' आणि मग 'दादा' यावे. 'दादा'तही गुंड दडलेला आहेच म्हणा. पण सांग-वूच्या बाबतीत तो खपून जाईल.